भुसा

मी जिवंत आहे हे सिद्ध करायला बँकेत बाकावर बसले होते, आणि माझ्या पर्समधून कुणी तरी गायला लागलं. नोव्हेंबर महिना, म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा सीझन. मारुती मंदिराजवळच्या त्या शाखेत सगळी म्हातारी डोकी रांगेत, एकमेकांची दुखणी विचारत बसलेली. आमच्या नाटक मंडळातल्या नितेशचा मेसेज आला म्हणून मी फोन काढला, कुठे तरी बोट लागलं असणार, परत पर्समध्ये टाकला, आणि आतून एका मुलीचा स्वच्छ, तापलेला आवाज सगळ्या बँकेला ऐकवू लागला, 'छत्री राहिली तुझ्याकडे ग, राहू दे, मी येतो ना. दार नुसतं लोटून ठेव तू, चहा टाक, मी आलो ना.' फोन सापडेना. चष्म्याचं घर सापडलं, डिंकाची वडी सापडली, फोन सापडेना मेला. खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजी, आवाज." मी कुणाची आजी नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मुलगी शेवटच्या 'ना'वर थांबली आणि तिथून तान घेत वर वर निघाली, आणि माझ्या शेजारची बाई, जी आतापर्यंत गुडघ्याबद्दल बोलत होती, तिने पदर डोळ्यांना लावला. "कुणाचं गो गाणं हे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." खोटं. चाल रघूची होती, ते तर झालंच. पण शब्दही रघूचे होते. आणि ती छत्री माझ्या दाराआड आहे, अजून.

रघू म्हणजे रघुनाथ, मिरकरवाड्याचा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी, आणि उरलेल्या वेळात आमच्या मंडळाच्या संगीत नाटकांना चाली. मी जिल्हा परिषदेत टेबलावर फायली हलवणारी बाई, आणि उरलेल्या वेळात त्याच नाटकांची संहिता लिहिणारी. संगीत नाटक कसं लिहितात हे लोकांना सांगायला गेलं की ते ऐकत नाहीत. त्यांना वाटतं, आधी कवी कविता लिहितो, मग गवई ती गातो. आमच्याकडे उलटं. आधी चाल यायची. रघू कारखान्यातून यायचा, अंगाला अमोनियाचा वास, हात गार पडलेले, माझ्या बाहेरच्या खोलीत पेटी उघडायचा आणि गायला लागायचा. पण नुसतं लालाला करून मला मात्रा कळत नाहीत, कुठे शब्द तुटतो, कुठे ओढायचा, ते कळत नाही. म्हणून तो चालीत शब्द भरायचा. कसलेही. जे समोर दिसेल ते, जे डोक्यात असेल ते. 'बांगडा महागला, सुरमई दिसेना.' 'मालनबाईंचा पंखा करकरतो.' मालनबाई म्हणजे मी. त्याला तो भुसा म्हणायचा. "घे, भुसा भरून दिलाय," म्हणायचा, "आता भुसा काढ आणि तुझं धान्य घाल." मग मी रात्रभर, चार दिवस, कधी महिनाभर बसून त्याच मापाचे खरे शब्द घालायची. माप तेच, वजन तेच, आत मात्र उषा, निशा, विरह, गाभारा. तालीम सुरू झाली की भुसा गेला. कोणाच्या लक्षातही राहायचा नाही. राहायचं कारण नव्हतं.

'संगीत खाडीपलीकडे' हे आमचं सगळ्यात गाजलेलं नाटक. गाजलेलं म्हणजे रत्नागिरीत गाजलेलं, उगीच मोठं सांगत नाही. तिसऱ्या अंकात होडी घेऊन गेलेल्या नवऱ्याची वाट बघत बाई धक्क्यावर उभी असते आणि तिला नवव्या पदात तो आठवतो. त्या पदासाठी मी जितकी झिजले तितकी नोकरीत झिजले असते तर अधिकारी होऊन निवृत्त झाले असते. 'तिमिर दाटला तीरावरती, लहरी विरल्या, सांज विझे. नयनदीप हा जळे एकला रित्या मनाच्या गाभारी.' आजही मला यातला एक शब्द हलवावासा वाटत नाही. रघूला वाटायचा. "शेवटी 'री' कशाला गो?" तो म्हणायचा. "तानेला तोंड उघडं लागतं. ईकारावर तान घुसमटते. तिथे आकार दे." मी म्हटलं, गाभारीच राहणार. तो म्हणाला, राहू दे बाई तुझं, गाईल बिचारी नायिका दातओठ खात. आणि गायली तीही दातओठ खात, आणि तरी टाळ्या पडल्या, आणि मी विंगेत उभी राहून मनात म्हटलं, बघ मेल्या. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी स्वतःवर इतकी खूश कधी झाले नाही. लग्न झालं नाही, घर भाड्याचं होतं ते पुढे मालकीचं झालं, भाऊ मुंबईला, त्याची मुलं फोनवर 'आत्या हॅपी बर्थडे' म्हणण्यापुरती. पण हे पद माझं होतं. कधी अंधारात जिना चढताना, कधी डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना मी ते मनात म्हणते. लोक रामरक्षा म्हणतात तसं.

बँकेतून बाहेर पडले, वडाच्या सावलीत उभी राहिले आणि नितेशला फोन लावला. नितेश आता आमच्या मंडळाचा दिग्दर्शक. मंडळ आता त्याचंच, आमचं म्हणायचं फक्त सवयीने. यंदा स्पर्धेला 'खाडीपलीकडे' पुन्हा उभं करतोय. मी काही बोलायच्या आत तो सुरू झाला. "मालनताई, ऐकलंत? ऋतिकाने काय गायलंय! पण खरं सांगू, गाणं नंतर, शब्द! आम्ही तालमीत सगळे गप्प बसलो हो. नाट्यपद म्हटलं की ते जड जड संस्कृत असतं ना, आणि इथे एकदम छत्री! चहा! त्या काळात तुम्ही हे लिहिलंत? आजची पोरं लिहितील असं." मी विचारलं, "हे तुला मिळालं कुठून?" तर झालं होतं ते असं. नाटकाच्या आमच्या जुन्या नकलेत, म्हणजे हाताने लिहिलेल्या प्रतीत, गद्य पूर्ण असायचं, पण पदांच्या जागी फक्त 'पद पहिलं', 'पद दुसरं' एवढंच. पदांचे कागद वेगळे, ते पेटीवाल्याजवळ आणि गाणारणीजवळ. ही आमची पद्धत, कारण पदं शेवटपर्यंत बदलायची आणि दरवेळी अख्खी नक्कल कोण लिहीत बसणार? ते कागद गेले. आठ पदं जुन्या प्रयोगाच्या रेकॉर्डिंगवरून निघाली, नवव्याच्या जागी टेप खराब. मग नितेश रघूच्या घरी गेला, रघू आता नाही, त्याच्या बायकोने, गंगाने, त्याला कॅसेटींचं खोकं दिलं, आणि त्यात रघू स्वतः पेटीवर नववं पद गात होता. चाल बांधली त्या दिवसाचं, विसरू नये म्हणून माझ्याच खोलीत टेप केलेलं. भुशासकट. चालीवाल्याने गायलं म्हणजे शब्द लेखिकेचे, हे कोणालाही वाटणार. नितेशलाही तसंच वाटलं, यात त्याची काही चूक नाही. "ताई, आता स्पर्धेला संहिता पाठवायची आहे," तो म्हणाला. "पद टाईप केलंय, उद्यापर्यंत बघून फक्त हो म्हणा. लेखिका म्हणून तुमचं नाव आहेच." मी म्हणायला हवं होतं, अरे वेड्या, हा भुसा आहे. तोंड उघडलंही. पण त्याने इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं, कोणीच केलं नव्हतं, आणि ते रघूच्या छत्रीचं निघालं. मी म्हटलं, "उद्या सांगते." "आणि हो," तो म्हणाला, "गंगाकाकूंना खोकं परत द्यायला गेलो तेव्हा ऋतिकाचं गाणं ऐकवलं. खूप रडल्या. मालनला पाठव एकदा म्हणाल्या."

घरी आले, भात लावला, खाल्ला नाही. राग आला होता मला, भयंकर राग, आणि कोणाचा ते ठरत नव्हतं. रिकाम्या खोलीत बसून फोन पुन्हा लावला. छत्री राहिली तुझ्याकडे ग. मला तो दिवस आठवतो. पाऊस थांबला होता म्हणून तो छत्री विसरून गेला, जिना उतरला, रस्त्यावरून परत फिरला आणि वर येऊन छत्री घ्यायची सोडून म्हणाला, चाल सुचली, चाल सुचली, पेटी काढ. मी म्हटलं, अरे चहा टाकते. तो म्हणाला, टाक. आणि जे घडलं तेच त्याने भरलं त्या चालीत, दुसरं काय होतं त्याच्याजवळ? त्यात प्रेम नव्हतं. शेजारणींनी पुष्कळ वर्षं डोळे लावून पाहिलं, त्यांना काही मिळालं नाही, कारण काही नव्हतंच. आम्ही एकमेकांना हातसुद्धा लावला नाही; एकदा पेटीचा भाता फाटला तेव्हा दोघांनी मिळून धरला, तेवढंच. पण बोलायचा. अगो, काय बोलायचा! बर्फाच्या लाद्या कशा फुटतात, कुठली लादी कुठल्या सुरात वाजते, साहेब कसा शिंकतो, पापलेट कोणी लपवलं, भाट्याच्या पुलावर वारा कसा लागतो. चालीतून बोलायचा, चालीबाहेर बोलायचा. मी त्यातलं ऐकायची काय? मी मात्रा मोजायची. तो 'दार नुसतं लोटून ठेव' म्हणत होता आणि मी बोटांवर सोळा मोजत होते. मग त्याचं सगळं बोलणं खरवडून काढून तिथे तिमिर घातला, लहरी घातल्या. आयुष्यभर हेच केलं मी. माझ्याशी बोलणारं एक माणूस होतं, आणि त्याचं बोलणं मी दर वेळी पुसून वर काही तरी बरं लिहिलं.

आणि तरीही, तरीही मला माझं पद हवं होतं. हे म्हणायला लाज वाटत नाही. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, भांड्यात नळ वाहत होता तो बंद करून, तिमिर दाटला तीरावरती. चांगलंच आहे ते. कुठेही वजन चुकत नाही. बँकेतली ती गुडघेवाली बाई याला रडली नसती, एवढंच. पुढे स्पर्धेत ऋतिका भुसा गाईल, लोक रडतील, बक्षीस मिळेल, संहितेत तोच छापला जाईल, आणि गाभारी कुठेच राहणार नाही. मी गेल्यावर तर नाहीच, माझ्या डोक्याबाहेर आता ते कुठेच लिहिलेलं नाही. ठरवलं, गंगाला आधी सांगायचं, मग नितेशला. गंगाला आधी, कारण शब्द तिच्या नवऱ्याचे. तिचा हक्क पहिला. आणि मनातून असंही वाटलं की तिला आनंद होईल. माणूस गेल्यावर त्याचं असं काही सापडलं तर कोणाला होणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने मिरकरवाड्याला गेले. गंगाचं घर उताराला, अंगणात बांबूवर बोंबील वाळत घातलेले, ती एका हाताने कावळे हाकत, दुसऱ्या हाताने मासे उलटत होती. रघू गेल्यापासून मी फक्त बाराव्याला आले होते. "आलीस गो?" ती म्हणाली. "बस हकडं, सावलीला. वास चालेल ना तुला?" मी म्हटलं, मला कसला वास. ती हसली. आम्ही दोघी कधीच मैत्रिणी नव्हतो, वैरिणीही नव्हतो. नाटकाच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसायची, मी विंगेत. तिने मला पाणी दिलं, हात पदराला पुसले आणि समोर बसली. मी वाक्य तयार करून आणलं होतं. 'गंगा, ते नववं पद आहे ना, त्याचे शब्द रघूचेच.' बस, एवढंच म्हणायचं होतं.

पण तीच आधी बोलली. "त्या पोरानं ऐकवलं मला गाणं. मी नाटक पाहिलं तेव्हा असं नव्हतं का गो ते? मला वेगळं आठवतंय, काय ते जड जड."

"बदललं नंतर," मी म्हटलं. असं का म्हटलं, देव जाणे.

"बरं केलंस. ते मला कळायचं नाय. हे कळलं." तिने एक बोंबील उचलला, उगीचच पाहिला, परत ठेवला. "मालन, मी तुला एक सांगू? आमच्या घरात तो बोलायचा नाय. भांडण नाय, काय नाय. घरात आला की भिंत. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. मी एवढी वर्षं म्हटलं, माणसाचा स्वभावच तो. सूर सगळे देवानं त्याला दिले, शब्द द्यायला विसरला. म्हणून तर शब्द तुझ्याकडनं घ्यावे लागायचे त्याला, नाय काय? मी मनाची अशी समजूत घातली. नायतर माणूस वेडं व्हायचं गो. आपल्याशीच बोलत नाय असं वाटलं असतं तर मी काय केलं असतं?"

कावळा बांबूवर बसला. तिने त्याला हाकललं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की ती काय विचारणार आहे, आणि मी काय बोलले तर काय होईल तेही दिसत होतं. रघूला शब्द होते. भरपूर होते. सगळे माझ्या बाहेरच्या खोलीत सांडून तो रिकामा होऊन या उतारावरून घरी यायचा आणि हिच्यासमोर भिंत होऊन बसायचा. हे तिला सांगायला मी रिक्षा करून आले होते. तिच्या आनंदासाठी म्हणे. माझी अक्कल बघा. मला माझी गाभारी हवी होती, त्यासाठी ही बाई मी आता, इथे, वाळत्या माशांच्या समोर मोडणार होते.

"तुझेच ना गो शब्द?" गंगाने विचारलं. "त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला ताईंचेच. पण मी म्हटलं तुझ्या तोंडून ऐकू दे."

"माझेच," मी म्हटलं.

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले तिचे. मला वाटलं, संपलं. आता उठावं, नितेशला हो म्हणावं, घरी जावं. पण ती थोडी पुढे सरकली आणि आवाज खाली आणून, शेजारच्या घराकडे एकदा बघून म्हणाली, "मग कोण होता गो तो?"

"कोण?"

"जो असं बोलायचा. छत्री राहिली, दार लोटून ठेव, आलोच. हे कोणी मनानं लिहीत नाय. कोणी तरी बोललेलं असतं. मला सांग, मी कोणाला सांगणार नाय. मला ऐकून बरं वाटेल. मला वाटायचं, तू एकटीच."

कोणी तरी हे मला विचारावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते हे मला त्या क्षणी कळलं, आणि विचारलं ते जगात हिनेच. जिभेवर नाव होतं. आमच्यात काही नव्हतं गंगा, तो नुसता यायचा, पेटी उघडायचा, बोलत बसायचा, आणि तो गेल्यापासून माझ्याशी एक शब्द कोणी बोललेलं नाही. बँकेत 'आजी, आवाज' म्हणतात, तेवढंच. पंखासुद्धा दुरुस्त करून घेतला मी, तो करकरतही नाही आता. हे सगळं सांगावं आणि दोघींनी बसून त्याच्यासाठी रडावं असं फार वाटलं. दोघींना मिळून तो एकच तर होता.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही. मनाने लिहिलं."

"आयुष्यात कधी कोणी तुझ्याशी असं बोललं नाय?"

"नाही गो."

गंगाने माझा हात आपल्या हातात घेतला, खारट, खरखरीत हात, आणि तिचे डोळे भरून आले. "अगो," ती म्हणाली, "मला निदान जेव म्हणायला तरी माणूस होता." आणि माझी कीव येऊन, माझ्यासाठी, ती रडायला लागली.